स्क्रूमधला हिरवा कीस

१

शनिवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावापासून बारा मैलांवरच्या एका नेमबाजी क्लबात, राजीव चांदोरकरने आपली सेमी-ऑटोमॅटिक रायफल बाकावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवली, खालून गोळ्यांचं मॅगझिन चढवलं आणि बोल्ट सोडून पहिली गोळी नळीत भरली. ट्रिगरला त्याने अजून बोटही लावलेलं नव्हतं. तरी रायफल सुटली, आणि एकदा सुटून थांबली नाही. पहिली गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली, दुसरी छपरात. तोवर धक्क्याने रायफल पिशवीवरून घसरून डावीकडे वळली होती. तिसरी गोळी शेजारच्या बाकावर दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या डेल ब्रुबेकरच्या मानेत शिरली.

डेल एकसष्ट वर्षांचा होता. कारखान्यातून निवृत्त झालेला मशिनिस्ट, राजीवचा शेजारी आणि अकरा वर्षांचा दोस्त. हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला.

असली रायफल एका दाबाला एकच गोळी सोडते. ती आपणहून तीन गोळ्या सोडते याचा अर्थ ट्रिगरमध्ये काहीतरी बिघडलंय, हे पोलिसांना सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. ट्रिगर नवा होता. राजीवने जबानी दिली की आदल्या संध्याकाळी आपण रायफल बंदुकांच्या दुकानातून आणली, आणि सकाळी तिची पेटी थेट क्लबात उघडली. ट्रिगर उघडून पाहिला तेव्हा आतला एक छोटा स्क्रू नको तितका सैल निघाला. हा ट्रिगर बसवला होता त्या दुकानातल्या चोवीस वर्षांच्या कारागिराने. त्याचं नाव शिव बोधनकर.

पाचव्या दिवशी शिवला अटक झाली. निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. जामिनावर तो घरी आला, आणि तीन आठवड्यांनी त्याची आई नीना, हातात एक जाड पिवळा लिफाफा घेऊन, मैत्रीण आसावरीच्या दारात उभी राहिली.

“आसावरी, तुझे बाबा घरी आहेत ना गं?”

आसावरीचे बाबा घरीच होते. दुसरीकडे कुठे असणार? हेमचंद्र वझलवार ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते. गाडी चालवता येत नव्हती, कॅम्पसची बस कुठे जाते ते धड कळत नव्हतं, आणि दुकानात दोन शब्द बोलले की समोरचा “पार्डन?” म्हणायचा. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बंदुकांचा अभ्यास केलेला, साक्षीला उभा राहिला की बचावाच्या वकिलाला घाम फोडणारा हा माणूस इथे दुपारभर कपड्यांच्या घड्या घालत बसायचा.

नीनाने लिफाफा टेबलावर ठेवला. “काका, वकिलीणबाईंनी पोलिसांच्या फोटोंच्या कॉपीज दिल्यात. त्या म्हणतात केस सरळ आहे, गुन्हा कबूल करून टाका. माझा शिव खोटं बोलत नाही हो. तुम्ही फक्त एकदा बघा.”

हेमचंद्रांनी तिच्याकडे पाहिलं. नवरा गेल्यावर चार वर्षं एकटीने घर ओढणारी बाई. “बघतो,” ते म्हणाले. “पण नीना, मी बघेन ते तुला हवं तेच असेल असं नाही.”

“चालेल,” ती म्हणाली. आणि मग खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडली.

२

दुसऱ्या दिवशी शिव आला. उंच, खांद्यात वाकलेला, कारागिरासारखी जाड बोटं. मराठी समजायचं, पण उत्तर अर्धं इंग्लिशमध्ये यायचं.

“सगळं पहिल्यापासून सांग,” हेमचंद्र म्हणाले. “राजीव दुकानात आला तिथपासून.”

“राजीव अंकल आले तेव्हा ही वॉन्टेड अ लाइट ट्रिगर, आजोबा. नेमबाजीच्या मॅचवाला. ओढायला तीन पाउंडच जोर लागेल असा.” शिवने बोट वाकवून दाखवलं. “फॅक्टरीचा ट्रिगर सात पाउंडांचा असतो, खरखरीत. बोट ओढता ओढता नेम हलतो. म्हणून लोक चेंज करतात. पण तीन पाउंड इज फॉर पीपल जे रोज शूट करतात. अंकल महिन्यातून एकदा जातात. मी म्हटलं, टू-स्टेज घ्या. आधी थोडा मोकळा खेळ असतो, मग बोटाला एक वॉल लागते. तिथे थांबायचं, नेम बघायचा, मग दाबायचं. सेफ असतो तो.”

“किती वजनावर लावलास?”

“साडेचार. त्यांना अजून हलका हवा होता. मी नो म्हटलं. तो स्क्रू आतले दोन पार्ट्स नीट पकडायला असतो, हलकं करायला नाही. तो मागे फिरवला तर गोळी उडवणारा हॅमर नुसत्या धक्क्याने सुटतो. मी निळा ग्लू लावून तो फिक्स केला. दहा वेळा रबरी हातोडीने ठोकून टेस्ट केलं. आय स्वेअर, आजोबा.”

“पोलिस म्हणतात ग्लू नव्हताच.”

शिव हळूच म्हणाला, “आय नो. मग मलाच वाटायला लागतं, लावला होता ना मी?”

हेमचंद्रांना या वाक्याची भीती वाटली. निरपराध माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला की त्याला वाचवणं कठीण होतं, हे त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं.

“रायफल घ्यायला राजीव आला तेव्हा आणखी काही घेतलं त्याने?”

“हो, एक मॅगझिन. प्लास्टिकचं, ऑलिव्ह ग्रीन. मी म्हटलं, अंकल, तुमची रायफल जुनी आहे, मॅगझिन पकडणारा हिचा कॅच किंचित वर आहे. हे मॅगझिन आत जाईल पण लॉक होणार नाही, खाली पडेल. धातूचं घ्या, तुमच्या रायफलला तेच फिट होतं. पण त्यांना हिरवंच आवडलं. हलकं आहे म्हणाले. नाही बसलं तर मंडेला परत आणतो म्हणाले.”

हेमचंद्रांनी फोटोंच्या गठ्ठ्यातून अकरावा फोटो काढला. बाकावर आडवी पडलेली काळी रायफल, आणि तिच्यात चढवलेलं हिरवं मॅगझिन. मग बारावा, मॅगझिन काढून पांढऱ्या कागदावर ठेवलेलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ डोकं वर केलं नाही.

“शिव,” ते म्हणाले, “हे मॅगझिन या रायफलीत बसणार नव्हतं ना?”

“नो वे.”

“मग ते बसलं कसं?”

३

शुक्रवारी दुपारी आसावरीने त्यांना दुकानात सोडलं. मालक गस पासष्टीचा, तोंडात सतत टूथपिक. त्याला या विषयावर एक शब्द बोलायचा नव्हता.

“माझ्या वकिलाने सांगितलंय, कुणाशी बोलू नकोस.”

“बोलू नका,” हेमचंद्र सावकाश इंग्लिशमध्ये म्हणाले, एकेक शब्द सुटा करून. “मला फक्त एक मॅगझिन बघायचं आहे. हिरवं.”

गसने खांदे उडवले आणि भिंतीवरून एक पाकीट काढून दिलं. जाड पारदर्शक प्लास्टिकचं, चारी बाजूंनी वितळवून बंद केलेलं, कात्रीशिवाय उघडणार नाही असं. आतल्या मॅगझिनच्या बाजूला एक खाच होती. रायफलचा कॅच तिथेच अडकतो. या खाचेची वरची कड गुळगुळीत आणि गोलसर होती. साच्यातून निघते तशी.

“ही पाकिटं तुम्ही इथे कधी उघडता का?”

“कशाला उघडू? उघडलेलं पाकीट कोण विकत घेणार?”

“शिव मागच्या खोलीत यांच्यावर काही काम करतो?”

“नाही.” गसने टूथपिक काढली. पहिल्यांदाच त्याने या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. “चांगलं काम करतो पोरगा. केस उभी राहिली तर मी म्हणेन तसं. पण मी रात्रंदिवस त्याच्या मागे उभा नव्हतो, हेही मला म्हणावंच लागेल.”

घरी येऊन हेमचंद्रांनी नीनाला, शिवला आणि आसावरीला टेबलाभोवती बसवलं. बारावा फोटो मध्ये ठेवला.

“ही खाच बघा. दुकानातल्या मॅगझिनला गोल कड आहे. हिची कड सपाट आहे, आणि रंग फिकट. म्हणजे कुणीतरी कानशीने घासून ही खाच अर्धा मिलिमीटर वर नेली. म्हणून मॅगझिन बसलं. दुकानाच्या बिलावर वेळ आहे शुक्रवारी पाच चाळीस. पाकीट बंद होतं. शनिवारी सव्वानऊला मॅगझिन रायफलीत आहे. तेव्हा मधल्या साडेपंधरा तासांत कधीतरी हे मॅगझिन आणि ही रायफल एखाद्या कामाच्या बाकावर एकत्र होती. रायफल समोर नसेल तर किती घासायचं ते कळणारच नाही.”

“म्हणजे राजीव खोटं बोलतोय,” आसावरी म्हणाली. “थेट क्लबात उघडली म्हणाला होता ना?”

“मॅगझिनबद्दल खोटं बोलतोय एवढंच सिद्ध होतं. स्क्रूबद्दल नाही. सरकारचा वकील म्हणेल, मॅगझिन घासलं असेल, पण ट्रिगर आधीच बिघडलेला होता.” त्यांनी एकोणिसावा फोटो पुढे ओढला. ट्रिगर रायफलीतून काढण्याआधी पोलिसांनी जवळून घेतलेला. मधोमध तो स्क्रू, डोक्यात षटकोनी खड्डा, जिथे ॲलन की घालून फिरवतात. “शिव, तुझे डोळे तरुण आहेत. भिंग घे. खड्ड्यात काय दिसतं?”

शिव वाकला.

“डस्ट,” तो म्हणाला. मग भिंग आणखी जवळ नेलं. “आजोबा… इट्स ग्रीन.”

४

सगळं इतकं सोपं होतं की हेमचंद्रांना क्षणभर तरुण झाल्यासारखं वाटलं. हिरव्या मॅगझिनचा कीस स्क्रूच्या खड्ड्यात आहे, म्हणजे मॅगझिन घासल्यानंतर त्याच हातांनी, त्याच बाकावर, कुणीतरी स्क्रूमध्ये की घातली. शिवच्या हातून रायफल पाच चाळीसला गेली, तेव्हा मॅगझिन पाकिटात होतं. आणि तो निळा ग्लू? वाळलेला ग्लू असलेला स्क्रू जोराने फिरवला की ग्लूचं पीठ होतं आणि गळून जातं.

सोमवारी ते नीनाबरोबर वकिलीणबाईंकडे गेले. कोर्टाने नेमून दिलेली, तिशीतली, डोळ्यांखाली काळं आलेली बाई. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं.

“मी त्या स्क्रूची तपासणी मागते,” ती म्हणाली.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. आसावरीने स्पीकर चालू केला.

सरकारी तपासनीसाने ट्रिगर आधीच तपासला होता. स्क्रू किती सैल आहे हे मोजायला त्याने त्यात की घातली, स्क्रू बाहेर काढला, आणि ग्लू आहे का हे बघायला द्रावणात धुतला. आता खड्डा स्वच्छ होता. फोटोतला तो ठिपका म्हणजे प्रकाशाचं प्रतिबिंब असू शकतं, असं त्याने लेखी दिलं होतं. मॅगझिनची घासलेली कड त्याने मान्य केली. पण ती कुणी, कधी घासली, हे सांगता येत नाही म्हणाला.

“दुसरी गोष्ट,” वकिलीणबाई म्हणाल्या. “मिस्टर वझलवार इथे साक्ष देऊ शकणार नाहीत असं नाही. पण ते आरोपीच्या कुटुंबाचे स्नेही आहेत, आणि जानेवारीच्या अखेरीला त्यांचा व्हिसा संपतो. खटला मार्चच्या आधी उभा राहणार नाही.”

फोन बंद झाला. हेमचंद्र खिडकीशी जाऊन उभे राहिले. स्वतःच्या प्रयोगशाळेत असते तर तो स्क्रू त्यांनी चिमट्याने उचलून काचेखाली ठेवला असता. कुणाला हात लावू दिला नसता. इथे त्यांना त्या इमारतीच्या दारातसुद्धा कुणी उभं केलं नसतं.

“राजीवला विचारा ना, काका,” नीना म्हणाली. “त्यानेच केलंय हे.”

“नाही,” हेमचंद्र वळून म्हणाले. “तेच मला पटत नाही. ती खाच मी पुन्हा बघितली. कड अगदी सरळ आहे, आणि धार टोचू नये म्हणून कोपरे हलकेच मारलेत. असं काम ज्याने आयुष्यभर कानस चालवली तोच करतो. मागे आपण राजीवच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा मी गॅरेज बघितलं होतं. तिथे पानं उडवायचं यंत्र आहे आणि सायकलचा पंप. वस्तू जबड्यात पकडायचा साधा व्हाइसही नाही. हा हात राजीवचा नाही.”

“मग कुणाचा?”

हेमचंद्रांना उत्तर माहीत होतं. ते तोंडातून काढायला त्यांना जड गेलं.

५

राजीव चांदोरकर स्वतःच दार उघडायला आला. दीड महिन्यात दहा किलो उतरला असावा. मूळचा नागपूरचा, हेमचंद्रांच्याच शाळेतला, पंचवीस वर्षांनी मागचा.

“बसा काका. चहा टाकू?”

“नको. राजीव, शुक्रवारी दुकानातून निघाल्यावर तू डेलकडे गेलास ना?”

राजीव उभाच राहिला. मग सोफ्याचा हात धरून खाली बसला.

“ते मॅगझिन बसेना,” तो म्हणाला. “गाडीतच ट्राय केलं मी. डेलचं गॅरेज उघडं होतं. तो म्हणाला, आण इकडे, दोन मिनिटांचं काम आहे. काका, त्याला असली कामं फार आवडायची. रिटायर झाल्यापासून कुणी काही घेऊन येतंय का याचीच वाट बघायचा. व्हाइसमध्ये धरलं, चार हात मारले, बसलं मॅगझिन. मग मीच म्हणालो…” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मीच म्हणालो, हा ट्रिगर मला अजून जड वाटतो रे, त्या पोराने ऐकलं नाही. डेल हसला. म्हणाला, अरे, स्क्रू तर दिसतोय. अन् फिरवला. निळं काहीतरी गळलं, तर फुंकर मारून उडवलं त्याने.”

“आणि पोलिसांना हे सांगितलं नाहीस.”

“हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जबानी घेतली हो माझी. माझ्या बाहीला त्याचं रक्त होतं. समोरच्या बाकावर पेगी बसलेली, डेलची बायको. तिच्यादेखत मी कसं सांगू की तुझ्या नवऱ्यानेच… मी म्हटलं, दुकानातून आणली आणि उघडली. मी कुणाचं नाव घेतलं नाही, काका. शिवचं नाव मी घेतलंच नाही.”

“नाव घ्यायची गरज कुठे होती?” हेमचंद्र म्हणाले.

राजीव रडायला लागला, आवाज न करता. हेमचंद्रांनी त्याला रडू दिलं. त्यांना राग यायला हवा होता, पण येत नव्हता. प्रयोगशाळेत वस्तू यायच्या, डबीत बंद, चिठ्ठी लावलेल्या. त्यांच्यामागची माणसं अशी समोर बसून रडत नसत.

“आता तू जबानी बदललीस तर?”

“बदलतो. उद्या जातो. पण काका, माझं खरं कोण मानेल? मेलेल्या माणसावर ढकलतोय, आपल्यातल्या मुलाला वाचवायला, असंच म्हणतील.”

“म्हणतील,” हेमचंद्र म्हणाले. “म्हणून आधी ते गॅरेज बघू. घासलेला कीस व्हाइसच्या दातांत राहतो. महिना, दोन महिने, कुणी हात लावला नसेल तर वर्षसुद्धा.”

दोघांनीही खिडकीतून पलीकडे पाहिलं. रस्त्याच्या त्या बाजूला डेलच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

६

पेगी ब्रुबेकरने त्यांना आत घेतलं, कॉफी विचारली. लहान चणीची, पिकल्या केसांची, पुरुषी लोकरी शर्ट घातलेली बाई. शर्ट डेलचा असावा. राजीवने सांगायला सुरुवात केली तेव्हा ती हाताची घडी घालून उभी होती. तो संपवेपर्यंत तिने घडी सोडली नाही.

“साडेसहाला,” ती म्हणाली. “मी त्याला दोनदा जेवायला हाक मारली. दोन्ही वेळा म्हणाला, आलो.”

राजीवचं तोंड उघडं राहिलं. “तुला माहीत होतं?”

“तुम्ही दोघं गॅरेजमध्ये होतात ते माहीत होतं. काय करत होतात ते नंतर समजलं. पेपरात स्क्रूबद्दल आलं तेव्हा.” तिने गॅरेजची किल्ली उचलली. “मला कुणी काही विचारलंच नाही.”

तिनेच गॅरेजचं दार उघडलं. कोपऱ्यात लाकडाची शेगडी पेटलेली होती, थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून. भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली, प्रत्येकाची बाह्यरेषा पेन्सिलने काढलेली. बाकावर व्हाइस. हेमचंद्र दोन पावलांवर थांबले. जवळ जायची गरज नव्हती. व्हाइसच्या जबड्यात, आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर, हिरवी भुकटी पडली होती. शेजारी कानस, तिच्या दातांतही हिरवं. आणि तिला लागून ॲलन की.

त्यांनी हात मागे बांधले. ती सवयच होती. “राजीव, कशाला हात लावू नकोस. वकिलीणबाईंना फोन कर. म्हणावं कुणालातरी आत्ता, कॅमेरा घेऊन पाठवा.”

राजीवचा फोन घरीच राहिला होता. तो धावत बाहेर गेला.

पेगीने भिंतीवरून एक लहान ब्रश काढला.

“मॅडम,” हेमचंद्र म्हणाले. “प्लीज.”

“माझे दोघे मुलगे गेल्या रविवारी इथे होते,” ती म्हणाली. ती त्यांच्याशी बोलत होती की स्वतःशी, कळत नव्हतं. “धाकटा तर इथे बाकावर डोकं ठेवून बसला. त्याला सगळं डेलने शिकवलं. कुठलंही हत्यार उलट धरू नको, कळत नसेल त्या स्क्रूला हात लावू नको. हे त्याच्या बापाचे शब्द.” ती वाकली आणि व्हाइसचे दात साफ करायला लागली, काळजीने, एकेक फट. “त्याला मी काय सांगू?”

“तो मुलगा तुरुंगात जाईल. शिव. चोवीस वर्षांचा आहे.”

ब्रश थांबला. हेमचंद्रांना वाटलं, ती ठेवेल. तिने डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले. मग वर्तमानपत्राची घडी घातली, शेगडीचं दार उघडलं आणि ती आत टाकली. कानसही टाकली. जळक्या प्लास्टिकचा उग्र दर्प गॅरेजभर पसरला.

दोन पावलांचं अंतर होतं. त्यांनी तिचं मनगट धरलं असतं तर? अडुसष्ट वर्षांचा परका माणूस, दुसऱ्याच्या घरात, एका विधवेचा हात पिरगाळणारा. त्यांनी तो धरला नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना ठरवता आलं नाही, की तो त्यांना धरता आला नाही, की त्यांनीच धरला नाही.

राजीव परत आला. “कुणीतरी येतंय तासाभरात,” म्हणाला, आणि मग वास आल्यावर जागच्या जागी थांबला.

“पेगी,” तो म्हणाला. “पेगी, अगं काय केलंस?”

“आता तुम्ही दोघं जा,” ती म्हणाली.

७

राजीवने जबानी बदलली. सरकारी वकिलाने ती ऐकून घेतली आणि विचारलं, तुमची पहिली जबानी खोटी होती तर दुसरी खरी कशावरून? पेगीने लिहून दिलं की त्या संध्याकाळी डेल घरात टीव्ही बघत होता. तपासासाठी माणूस गॅरेजमध्ये पोचला तेव्हा बाक पुसलेला होता. चार दिवसांनी कोर्टाचा कागद घेऊन गेला तेव्हा व्हाइसही जागेवर नव्हता.

खटला चालला तर एकीकडे शब्द फिरवणारा राजीव आणि फोटोतला एक हिरवा ठिपका, दुसरीकडे नवरा गमावलेली बाई. वकिलीणबाईंनी ते शिवला तसंच सांगितलं. त्याउलट, कमी गुन्हा कबूल केला तर तुरुंग नाही. दोन वर्षं देखरेख, आणि पुन्हा कधी बंदुकीच्या कामाला हात लावायचा नाही.

“तुम्ही काय कराल, आजोबा?” शिवने विचारलं.

“तू केलं नाहीस, हे मला माहीत आहे,” एवढंच हेमचंद्र म्हणाले.

“आय नो यू नो,” शिव म्हणाला, आणि आईकडे बघितलं. नीना सिंकपाशी पाठ करून उभी होती. नळ चालू होता, हात कोरडे होते.

बावीस जानेवारीला कोर्ट भरलं. हेमचंद्रांचं विमान आठ दिवसांवर होतं. आसावरी त्यांना मागच्या बाकावर घेऊन बसली. पुढच्या ओळीत पेगी होती, दोन्ही बाजूंना मुलगे, धाकट्याने तिच्या खांद्यावर हात टाकलेला. राजीव दाराशी उभा होता. आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नसावं.

एकतीस वर्षांत हेमचंद्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शेकडो वेळा उभे राहिले होते. दर वेळी कुणीतरी विचारायचं, तुमचं मत काय? इथे न्यायाधीशांची नजर बाकांवरून फिरली ती त्यांच्यावरून सरळ पुढे निघून गेली.

न्यायाधीशांनी कागद वाचला. सावकाश, शब्द स्पष्ट. गुन्हा कबूल करायचा तर काय केलं हे आरोपीने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, असा नियम होता.

“१९ ऑक्टोबर २००७ रोजी त्या रायफलचा ट्रिगर बसवताना तू तो स्क्रू धोका होईल इतका सैल ठेवलास. हे खरं आहे का?”

शिवने मागे वळून पाहिलं. आईकडे नाही, हेमचंद्रांकडे. ते नकळत अर्धवट उठले. काय बोलणार होते, कुणास ठाऊक. आसावरीने त्यांची बाही धरली आणि हळूच खाली बसवलं. पुढच्या ओळीत पेगीची मान खाली गेली.

शिवचे ओठ हलले.

“मोठ्याने बोल,” न्यायाधीश म्हणाले. “रेकॉर्डवर यायला हवं.”

शिवने घसा साफ केला आणि पुन्हा, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं, “येस, युवर ऑनर” म्हटलं.